ऑपरेशनची तारीख घेण्याआधी

वजन कमी करायच्या ऑपरेशनबद्दल गेल्या दोन महिन्यांत बरीच पत्रं आली, त्यातली सहा या वेळी घेतलीयेत. आधी एक सांगून ठेवते, मी डॉक्टर नाही. माझं स्वतःचं स्लीव्हचं, म्हणजे पोट कापून लहान करायचं ऑपरेशन होऊन सात वर्षं झाली, 118 किलोची होते ती आज 81 वर आहे, आणि तेव्हापासून जळगाव-धुळ्याकडच्या कितीतरी बायांसोबत मी दवाखान्यात जाते, बाकावर बसते, त्यांचे कागद वाचते. गोळ्या-औषधाच्या बाबतीत शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच.

ताई, मी 38 वर्षांची, वजन 112, उंची पाच फूट दोन इंच, शुगर आहे आणि ती गोळ्यांनी आवरत नाहीये. डॉक्टरांनी स्लीव्ह सांगितलं, खर्च साडेतीन लाख. आमचं किराणा दुकान आहे, एवढे पैसे एकदम कुठून आणायचे? चौदा महिन्यांपूर्वी मेडिक्लेम काढलाय, तो चालेल का? सासूबाई म्हणतात, "तोंड आवर, वजन आपेआप उतरी जाई." (एक भगिनी, अमळनेर)

ताई, सासूबाईंचं पहिलं घेते कारण पैशाची गोष्ट त्याच्यावरच अडते, घरात "हे लाड आहेत" असं वाटत असेल तर पैसा कुणी मनापासून काढत नाही. तुमच्या उंचीला 112 किलो म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) 45 च्या वर जातो, वर शुगर. एवढं वजन नुसतं जेवण कमी करून उतरवणं आणि ते वर्षानुवर्षं उतरलेलं ठेवणं फार थोड्यांना जमतं, कारण वजन उतरायला लागलं की शरीर भूक वाढवतं आणि ऊर्जा कमी जाळायला लागतं, तो काही तोंडाचा दोष नाही. स्लीव्हमध्ये पोटाचा साधारण पाऊण भाग काढतात, केळीसारखी नळी उरते, आणि भुकेचा घ्रेलिन नावाचा हार्मोन जास्त करून ज्या भागात तयार होतो तोच भाग जातो. एकदा सासूबाईंनाच डॉक्टरांसमोर बसवा. माझी सासू डॉक्टरांकडून ऐकून आली आणि नंतर सगळ्या भाऊबंदकीला तीच समजावत होती.

आता मेडिक्लेम. पॉलिसीचं पुस्तक काढा आणि त्यात "ओबेसिटी / वेट कंट्रोल" असं लिहिलेलं कलम शोधा, त्याच्यापुढे कोड एक्सक्ल 06 असतो. सगळ्या कंपन्यांना हे कलम एकाच भाषेत लिहावं लागतं. त्यात असं आहे की ऑपरेशनचा खर्च एरवी मिळणार नाही, पण डॉक्टरांचा सल्ला असेल, वय 18 किंवा जास्त असेल, आणि बीएमआय 40 किंवा वर असेल, नाहीतर 35 किंवा वर आणि सोबत गंभीर आजार असेल (हृदयाचा, गंभीर स्लीप अप्निया, किंवा आवाक्यात न येणारी टाइप 2 शुगर) आणि साधे उपाय करून झालेले असतील, तर मिळतो. म्हणजे 45 च्या बीएमआयवर तुम्ही नियमात बसता. पण वेटिंग पिरियड वेगळा बघायचा! चौदा महिने झालेत, बऱ्याच पॉलिसीत या ऑपरेशनला 24 किंवा 36 महिने थांबावं लागतं, आधीपासूनच्या आजाराला पण जास्तीत जास्त 36 महिने लावू शकतात. तुमची शुगर पॉलिसी काढायच्या आधीची असेल आणि फॉर्ममध्ये लिहिलेली नसेल तर आत्ताच एजंटला न विचारता थेट कंपनीला लेखी कळवा, क्लेमच्या वेळी जुनी चिठ्ठी सापडली की सगळंच फेटाळतात.

आणि आजपासून एक प्लास्टिकची फाइल करा. डाएटिशियनचे कागद, शुगरच्या चिठ्ठ्या, दर महिन्याचं वजन तारखेसकट. "साधे उपाय करून झाले" हे तुम्ही तोंडी सांगून चालत नाही, कागद लागतो. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. घरचा वजनकाटा 100 च्या पुढे नुसता एरर दाखवायचा, म्हणून वडिलांनी मला कापूस मोजायच्या काट्यावर उभं केलं होतं, गडी बाहेर पाठवून, दार लोटून, आणि आकडा त्यांनी तंबाखूच्या पुडीच्या कागदावर लिहिला. तो कागद अजून माझ्याकडे आहे पण कंपनीला तो चालला नाही, त्यामुळे सांगते, वजन दवाखान्यातच करा आणि केसपेपरवर लिहून शिक्का घ्या.

साडेतीन लाख हा आकडा जास्त वाटत असला तरी वेगळा नाही, खासगीत साधारण अडीच ते चार-पाच लाखांमध्ये जातं, शहर आणि खोलीप्रमाणे. पण तो आकडा कशाकशाचा आहे ते लेखी घ्या. या ऑपरेशनमधला मोठा खर्च स्टेपलरचा असतो, पोट कापून शिवायचं मशीन, आणि त्याचे कार्ट्रिज एकापाठोपाठ एक लागतात. मला एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात पॅकेज सांगितलं होतं, डिस्चार्जच्या दिवशी बिलात दोन कार्ट्रिज "एक्स्ट्रा" म्हणून लागले, एंडोस्कोपी वेगळी, फिजिशियनची व्हिजिट वेगळी, आणि माझी पोत त्या संध्याकाळी गहाण गेली, ते आठवलं की अजून पोटात कालवतं. म्हणून विचाराच, की किती कार्ट्रिज धरलेत, तपासण्या आत आहेत का, आयसीयूचा दिवस लागला तर काय, लीक (टाक्यातून गळती) होऊन परत ऑपरेशन करावं लागलं तर पैसे कोण देणार, वर्षभराच्या फॉलोअपची फी धरलीय का. सरळ उत्तर देणारा दवाखाना निवडा, हजार-दोन हजार जास्त गेले तरी चालतील.

खोलीचं पण लक्षात ठेवा. पॉलिसीत खोलीभाड्याला मर्यादा असेल आणि तुम्ही वरची खोली घेतली तर कंपनी नुसता खोलीचा फरक कापत नाही, डॉक्टर फी, ओटी चार्ज सगळं त्याच प्रमाणात कापते. कॅशलेस असेल तर दोन-तीन दिवस आधी मंजुरीचा अर्ज जायला पाहिजे, ऑपरेशन ठरवून होतंय ना, मग धावपळ कशाला.

वेटिंग संपायला दोन वर्षं असतील आणि डॉक्टर म्हणत असतील की थांबायला नको, तर मुंबईतल्या मोठ्या सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत एकदा दाखवून या. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत देते पण ती ठरलेल्या उपचारांच्या यादीवर चालते, तेव्हा दवाखान्यातल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर जाऊन तुमच्या ऑपरेशनचं नाव सांगून विचारा, गल्लीतल्या कुणाच्या ऐकण्यावर जाऊ नका. आणि कर्ज काढायचंच झालं तर बँकेचं सोनेतारण काढा, सावकाराच्या दारात जाऊ नका. एक मात्र हात जोडून सांगते, सगळे पैसे ऑपरेशनवर संपवू नका. पहिले सहा महिने प्रोटीन पावडर, व्हिटॅमिन, तपासण्या, जाणं-येणं मिळून मला महिन्याला चारेक हजार लागत होते, पुढे ते कमी झाले पण गोळ्या जन्मभराच्या आहेत. निदान तीस हजार बाजूला ठेवून मगच तारीख घ्या.

मी केळीचा शेतकरी, वय 44, वजन 140. रात्री घोरतो, दचकून उठतो, गाडी चालवताना डुलकी लागते. ऑपरेशन करायचंय पण टेबलावरच काही झालं तर? दोन पोरी आहेत. (रावेर)

भाऊ, भीती वाटणं बरोबरच आहे, ती दाबू नका. अनुभवी हातात या ऑपरेशनात पहिल्या महिन्यात जीव जायचं प्रमाण साधारण हजारात एक इतकं धरतात, पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या आसपास. तुम्ही जे लिहिलंय, घोरणं, दचकणं, गाडीवर डुलकी, ते मला जास्त भीतीचं वाटतं. हा स्लीप अप्निया असू शकतो, झोपेत श्वास थांबतो. आधी स्लीप स्टडी करा, सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून हवा देणारं) सांगितलं तर ऑपरेशनच्या आधीपासून वापरायची सवय करा आणि दवाखान्यात ते सोबत न्या, भूल देणाऱ्या डॉक्टरांना ही गोष्ट सगळ्यात आधी कळली पाहिजे. वहिनींना रात्री तुमच्या घोरण्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा, डॉक्टरला दहा वाक्यांपेक्षा त्यातून जास्त कळतं. आणि तोवर रात्रीची गाडी दुसऱ्याला चालवू द्या, एवढं माझं ऐका.

ऑपरेशननंतर धोका तीन गोष्टींचा, टाक्यातून गळती, रक्तस्राव, आणि पायात रक्ताची गाठ. गाठीसाठी त्याच दिवशी संध्याकाळी चालायला लावतात, दुखलं तरी चाला. गळती कधीकधी घरी आल्यावर कळते: नाडी 120 च्या वर धावते, ताप, पोट किंवा डावा खांदा दुखतो, जीव घाबरा होतो. आपल्याकडे लोक "गॅस असेल" म्हणून ओवा देतात आणि रात्र काढतात. नको!

मुंबई-पुण्यात ऑपरेशन करून तिसऱ्या दिवशी सात-आठ तासांचा प्रवास करून रावेरला यायची घाई करू नका, आठवडाभर तिथेच नातेवाइकाकडे राहा. आणि निघायच्या आधी हे ठरवून ठेवा की रात्री दोन वाजता काही झालं तर जळगाव-भुसावळमध्ये कोणता सर्जन तुम्हाला बघेल. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा, त्यांच्याकडून चिठ्ठी घ्या, डिस्चार्ज कार्डचा फोटो बायकोच्या आणि भावाच्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. दुसऱ्याने केलेलं ऑपरेशन हातात घ्यायला गावचे डॉक्टर कचरतात, आयत्या वेळी दारोदार फिरावं लागतं, हे मी डोळ्याने बघितलंय.

माझं वय 24, वजन 74, उंची 5 फूट 3. काही आजार नाही. आई म्हणते ऑपरेशन करून घे, स्थळं येतील, आणि पुढे सासरी सांगायचं नाही. (धुळे)

बाळा, नाही. तुझा बीएमआय 29 च्या आत आहे, आजार नाही. आपल्याकडे सर्जन साधारण 35 च्या वर, किंवा 30 च्या वर आणि सोबत शुगर-बीपीसारखे आजार असतील तर हे ऑपरेशन सुचवतात. पोट एकदा काढलं की परत लावता येत नाही, आणि लग्नाच्या बाजारासाठी निरोगी पोरीच्या पोटावर पाच भोकं पाडायला कुणी तयार झालाच तर त्या दवाखान्यातून उठून बाहेर ये. पाळी अनियमित असेल तर थायरॉइड, शुगर, सोनोग्राफी करून घे, डाएटिशियनकडे जा, एवढ्या वजनाला त्याने खरंच फरक पडतो.

लपवायचं म्हणतेस तर सांगते, हे लपत नाही. दोन घास खाऊन उठणारी, जेवताना पाणी न पिणारी, रोज मूठभर गोळ्या घेणारी सून कुणाच्या लक्षात येणार नाही? शिवाय ऑपरेशननंतर 12 ते 18 महिने दिवस जाऊ द्यायचे नसतात, बाळाला पोषण कमी पडतं, आणि नव्या सुनेला सहाव्या महिन्यापासून काय विचारतात ते तुला माहीत आहे. आईला हे पान वाचायला दे. तिला तुझी काळजी आहे, तिला फक्त चुकीचा रस्ता कुणीतरी दाखवलाय.

मी रेल्वेतून रिटायर, भुसावळ. बाहेर ऑपरेशन करून बिल रेल्वेकडून घेता येईल का?

काका, आधी रेल्वे हॉस्पिटलमध्ये दाखवा, तिथून रेफर करून घ्या, मगच पुढे. परस्पर जाऊन ठरवून केलेल्या ऑपरेशनचं बिल मागे पास करून घेणं फार अवघड जातं.

पंधरा दिवसांनी ऑपरेशन आहे. आत्तापासून पथ्य दिलंय, कार्ब बंद, प्रोटीन जास्त. आमच्याकडे भाकरी नसेल तर जेवणच होत नाही. काय खाऊ? आणि हे ऑपरेशनच्या आधीच का? (शहादा)

का ते आधी सांगते, कारण कळलं की पाळणं सोपं जातं. लिव्हरचा डावा भाग जठराच्या बरोबर वर पसरलेला असतो. वजनदार माणसाचं लिव्हर चरबीने फुगलेलं, जड आणि ठिसूळ असतं, सर्जनला ते उचलून धरूनच खाली काम करावं लागतं. दोन आठवडे भाकरी-भात-साखर बंद केली की लिव्हरमधला साठा आणि त्याच्यासोबतचं पाणी उतरतं, लिव्हर आकसतं, जागा मिळते. ज्यांनी आदल्या आठवड्यात "आता पुढे मिळणार नाही" म्हणून शेवभाजी आणि वरण-बट्टीच्या पंगती झोडल्या त्यांनी सर्जनचं काम अवघड करून ठेवलं.

भरीत चालतं की! हिरवं वांगं काट्यांवर भाजून, मिरची-लसूण ठेचून, तेल चमचाभरच, वर कांद्याची पात. सोबत भाकरीऐवजी घरचं पनीर किंवा दोन उकडलेली अंडी. ताक, मोड आलेली मटकी, मुगाचं पातळ धिरडं, मांसाहार करत असाल तर रस्सा न घेता नुसते चिकनचे तुकडे. किती खायचं ते तुमच्या डाएटिशियनच्या कागदाप्रमाणे. कळण्याची भाकरी उडदामुळे चांगली हे खरं पण ती पण भाकरीच, आत्ता नको. केळी नको, शेव नको, तर्री नको, आणि दाण्याची चटणी चमच्याने खात बसू नका.

शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर पथ्य सुरू करायच्या आधी डॉक्टरांकडून डोस कमी करून घ्या, जेवण कमी झालं आणि डोस तोच राहिला तर शुगर एकदम खाली जाते, चक्कर येऊन पडाल. रक्त पातळ करायची गोळी, वजनाचं आठवड्याचं इंजेक्शन, पाळीच्या गोळ्या, गावठी काढे, जे काही घेता ते सगळं पिशवीत घालून भूलतज्ज्ञांपुढे ठेवा.

आणि ताई, मिश्री. डॉक्टर विचारतात "तंबाखू खाता का", आपल्या बाया मान हलवून "नाही" म्हणतात, कारण मिश्रीला आपण तंबाखू म्हणतच नाही, दात घासायची वस्तू म्हणतो. माझ्यासोबत आलेली एक मावशी तपासणीला तोंडाला पदर लावून बसली होती, काळ्या हिरड्या दिसू नयेत म्हणून, शेवटी सिस्टरने पदर बाजूला केला आणि ऑपरेशन दोन महिने पुढे गेलं. मिश्री तंबाखूच आहे. तंबाखूने जखम भरायला उशीर लागतो, छातीचा त्रास वाढतो, निदान सहा आठवडे आधी बंद पाहिजे. तुम्ही लावत असाल तर आजच डॉक्टरांना खरं सांगा, तारीख पुढे गेली तर जाऊ द्या.

तारखेवरून आठवलं, तुमचं आत्ताच आहे म्हणून तुम्हाला लागू नाही पण बाकीच्यांसाठी लिहिते, शक्य असेल तर वैशाखात ऑपरेशन घेऊ नका. पहिल्या महिन्यात घोट-घोट पाणी प्यावं लागतं, औषधाच्या टोपणाने तीस मिली, मग थांबा, मग परत, दिवसाला दीड लिटर पोटात जायला सकाळपासून रात्र होते. आपल्याकडे 45 डिग्री, त्यात लाइट गेलेली, घाम थांबत नाही, आणि गटागट प्यायची सोय नाही. लघवी गडद व्हायला लागली की समजा पाणी कमी पडतंय. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जायचं म्हणून सुट्टी मिळते, आणि नेमकी तीच सुट्टी ऑपरेशनला वापरतात. कापूस विकून पैसा हातात आल्यावर थंडीत करा, अंगाला पण सोसतं.

आईचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले, 26 किलो कमी झाले. पण केस मुठीने गळताहेत, ती रडते, म्हणते उगाच केलं. आम्ही रोज दाळीचं पाणी, साबुदाणा, ज्यूस देतो. (चोपडा)

दादा, चौथ्या महिन्यात केस गळणं हे जवळपास ठरलेलंच असतं, वजन झपाट्याने उतरलं की तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतात आणि पोटात नीट गेलं तर परत येतात. माझी वेणी बोटाएवढी झाली होती, आरशाला मी ओढणी टाकून ठेवायचे. आईला सांगा, आले परत.

पण तुम्ही देताय ते बदला. दाळीचं पाणी आपण ताकदीचं समजतो, त्यात दाळ नसते, पाणी असतं. आईला दिवसाला साधारण 60 ते 80 ग्रॅम प्रोटीन पाहिजे, साबुदाण्यात आणि ज्यूसमध्ये ते नाही. वाटीभर घट्ट दाळ, पनीर, अंडं, दही, सांगितलेली पावडर, आणि घासात आधी हेच, जागा उरली तर बाकीचं. पाणी जेवणाआधी आणि जेवणानंतर अर्धा तास सोडून. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र देऊ नका, दोन तास अंतर ठेवा, आणि लोहाच्या गोळीवर चहा नको. बी12, डी, हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा) तपासून घ्या, सहा महिन्यांची वाट बघू नका. पोटाच्या उजव्या बाजूला कळ येत असेल तर तेही सांगा, झपाट्याने वजन उतरताना पित्ताशयात खडे होतात. आणि तिला उलट्या होत असतील, दोन-तीन दिवस काहीच ठरत नसेल, तर लगेच दवाखान्यात न्या, बी1 कमी पडून नजर आणि चालणं बिघडू शकतं, त्यात उशीर परवडत नाही.

रडण्याचं हसण्यावारी नेऊ नका. इतकी वर्षं सगळ्यांना रांधून वाढलेली बाई स्वतः दोन चमच्यांत उठते, पंगतीत बसावंसं वाटत नाही, बाया म्हणतात "आजारी दिसतेस", हे फार लागतं. तिच्यासोबत जेवायला कुणीतरी एक जण बसा, तिच्या वेगाने, टीव्ही बंद करून. ऑपरेशन केलेल्या दुसऱ्या बाईशी बोलणं करून द्या, डॉक्टरांच्या दवाखान्यात अशा बाया भेटतात. महिना होऊनही तशीच उदास राहिली तर मानसोपचार डॉक्टरांकडे न्या, त्यात लाजायचं काही नाही.

तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय की श्रावणात कानबाईच्या रोटाला (देवीच्या प्रसादाच्या जेवणाला) तिला बसवायचं का. बसवा. रोटाचा सुपारीएवढा तुकडा, घट्ट दुधात मऊ करून, चावून चावून, आधी पनीर खाऊन झाल्यावर. भाऊबंदकीतलं कुणी आग्रह करायला लागलं तर तुम्ही मध्ये पडा, तिला बोलावं लागू देऊ नका.